पोट बिघडलेलं पिल्लू आणि शी-शूची सवय

कुत्र्याचं पिल्लू नव्या घरी येतं आणि पुष्कळदा पहिल्या आठवडाभरातच त्याचं पोट बिघडतं. यात नवल काही नाही. आईचं दूध सुटलेलं असतं, भावंडांची ऊब गेलेली असते, पाणी बदललेलं असतं आणि घरातला प्रत्येक जण लाडानं त्याच्यापुढे काही ना काही ठेवत असतो. कुणी दूध-पोळी, कुणी ग्लुकोज बिस्किट, कुणी उकडलेलं अंडं. नेमक्या याच दिवसांत शी-शूची जागा शिकवायलाही सुरुवात होते. मग सकाळी शिकवलेलं दुपारी वाया जातं, दिवसभर फरशी पुसून हात दुखतात, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी निकाल देतं, 'हे पिल्लू काही शिकायचं नाही.'

हा निकाल घाईचा आहे. शी-शूच्या सवयीत दोन गोष्टी असतात : वेळ आणि जागा. पोट बिघडलं की वेळ पिल्लाच्या हातात राहत नाही. जागा मात्र आपल्या हातात असते. आजारपणाच्या दिवसांत वेळेचा आग्रह सोडायचा आणि जागा सांभाळायची, एवढं जमलं तर पोट बरं झाल्यावर सवय पुन्हा पहिल्यापासून लावावी लागत नाही.

स्वच्छतेचा पहिला धडा आईचा

जन्मलेल्या पिल्लाला आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई त्याचं पोट आणि मागचा भाग चाटते, त्या स्पर्शानं ते मोकळं होतं, आणि आई ते लगेच चाटून साफ करते. सुमारे तीन आठवडे हे असंच चालतं, म्हणून अंथरूण कोरडं राहतं आणि झोपायची जागा स्वच्छ असते हा पिल्लाचा पहिला अनुभव ठरतो. पाय फुटले की ते लडखडत का होईना, झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पिल्लांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. पिल्लं साधारण आठ-नऊ आठवड्यांची झाली, की ठरावीक जागी शी करू लागतात, असं त्यांना दिसलं. याच सुमारास पायाखालचा स्पर्शही ओळखीचा होत जातो. माती, गवत, वर्तमानपत्र, गोणपाट, फरशी, यांपैकी जे वारंवार पायाखाली येतं तेच पुढे 'आपलं' वाटू लागतं. पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला लांब जायला जागाच नसते. ते झोपतं तिथंच शी करतं आणि अंगभूत स्वच्छता बोथट होते. अशा पिल्लाला सवय लागायला जास्त दिवस लागतात. भारतात २०१७च्या श्वानप्रजनन नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लू आईजवळ पुरेसं राहिलं तर हा पहिला धडा पक्का होतो, हा त्या नियमाचा आणखी एक फायदा.

खाल्लं की लागते

पोटात अन्न पडलं, की मोठं आतडं आकुंचन पावू लागतं आणि आधीचा मळ पुढे सरकतो. माणसातही हे होतं, पिल्लांत ते फार ठळक दिसतं. खाल्ल्यावर पाच मिनिटांपासून अर्ध्या तासात त्यांना शी लागते. झोपेतून उठल्यावर, खेळ थांबल्यावर आणि खाल्ल्यावर, या तीन वेळा धरल्या तर निम्मं काम होतं. शूच्या बाबतीत प्राणिपालकांचा एक ढोबळ हिशेब आहे : जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास धरेल. जागं असताना, खेळताना तेवढंही नाही.

इव्हान पाव्हलॉव्हचं नाव आपण सवयींच्या संदर्भात ऐकलेलं असतं. घंटा, कुत्रा आणि तोंडाला सुटलेलं पाणी ही गोष्ट शाळेतच कानावर येते. पण त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी. कुत्र्यांच्या पाचक रसांचा अभ्यास करतानाच त्याच्या लक्षात आलं, की अन्न तोंडात पडण्याआधी, नुसत्या चाहुलीनंही रस पाझरतात. पोट आणि शिकणं यांचा असा जवळचा संबंध आहे. जेवणाच्या वेळा ठरल्या, की शीच्या वेळा ठरतात, आणि त्या वेळी पिल्लाला ठरलेल्या जागी नेलं, की जागा मनात बसते.

जुलाबात हे गणित फिसकटतं. मोठ्या आतड्याचं एक काम म्हणजे मळातलं पाणी शोषून घेणं. आतड्याला सूज आली, की पाणी शोषलं जात नाही आणि मळ पातळ राहतो. शिवाय दुखावलेलं आतडं थोडासा मळ आला तरी लगेच कळ देतं. गुदद्वाराशी दोन स्नायू असतात, आतला आपोआप चालणारा आणि बाहेरचा इच्छेनं आवळता येणारा. पिल्लाचा हा बाहेरचा स्नायू मुळात कच्चा असतो. पातळ शीच्या जोरापुढे तो टिकत नाही. एरवी ते गोल फिरून, फरशी हुंगून आपल्याला मिनिटभर आधी इशारा देतं. जुलाबात तो इशारा दोन-चार सेकंदांवर येतो. दिवाणखान्याच्या मधोमध झालेली शी हा हट्ट नव्हे. ते पिल्लू जागेपर्यंत पोहोचू शकलेलं नसतं.

शी पाहून काय कळतं

किळस बाजूला ठेवून शी नीट पाहावी. दिवसातून दोन-तीन वेळा, पण दर वेळी भरपूर, पाण्यासारखी होत असेल आणि पिल्लू वाळत चाललं असेल, तर बिघाड बहुधा लहान आतड्यात असतो. थोडी थोडी, पुन्हा पुन्हा, कुंथून होत असेल, आव पडत असेल, क्वचित ताज्या लाल रक्ताचा ठिपका दिसत असेल, तर मोठ्या आतड्यात. शिकवण्याच्या दृष्टीनं हा दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. पिल्लाला सारखी घाई होते आणि वेळापत्रक असं काही उरतच नाही. पशुवैद्य शीला १ ते ७ अशी श्रेणी देतात. १ म्हणजे खडे, ७ म्हणजे पाणी, आणि आकार धरणारी पण मऊ अशी २ सर्वांत चांगली. खाण्याची वेळ, शीची वेळ आणि हा आकडा एका वहीत लिहिला तर डॉक्टरला पुष्कळ मदत होते.

कारणं अनेक. सर्वांत घरगुती कारण दूध. आईचं दूध सुटल्यावर दुधातली साखर पचवणारं विकर पिल्लाच्या आतड्यात कमी होत जातं. न पचलेली साखर पाणी ओढून घेते आणि शी पातळ होते. 'पिल्लू आहे, दूध-पोळी तरी घालू' हा आपल्याकडचा जुना जिव्हाळा बऱ्याच पिल्लांच्या पोटाला सोसत नाही. खाणं एकदम बदलणं, भुकेपेक्षा जास्त घालणं, चप्पल-कागद चावणं ही पुढची कारणं.

मग जंत. गोल जंत पिल्लाला आईच्या पोटात असतानाच मिळतात आणि नंतर दुधातूनही येतात, त्यामुळे चांगल्या घरचं, गुबगुबीत दिसणारं पिल्लूही सुटत नाही. दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला जंताचं औषध द्यायची पद्धत आहे ती यामुळेच. अंकुशकृमी रक्त पितात, पिल्लाच्या हिरड्या फिक्या पडतात. जिआर्डिया आणि कॉक्सिडिया हे एकपेशीय परजीवी दाटीवाटीनं वाढलेल्या पिल्लांत नेहमीचे. जिआर्डिया प्रत्येक शीत सापडतोच असं नाही, म्हणून डॉक्टर कधी कधी सलग तीन दिवसांचे नमुने मागतात.

आणि पार्व्हो. हा विषाणू १९७८ साली लक्षात आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांमधल्या एका विषाणूचा हा जवळचा नातलग. तो आतड्याचं अस्तरच सोलून काढतो. उपचार नसतील तर बहुतेक पिल्लं दगावतात, वेळेवर सलाईन आणि देखभाल मिळाली तर बहुतेक वाचतात.

जागा सांभाळायची ती अशी

लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी पिल्लाला रस्त्यावर, सोसायटीच्या आवारात किंवा इतर कुत्री येतात अशा मैदानात जमिनीवर सोडू नये. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. लसीचे डोस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर घरातलीच जागा बरी : गॅलरीचा कोपरा, न्हाणीघर, जुन्या घरात मोरी. तिथं वर्तमानपत्राचे जाड थर, गोणपाट किंवा बाजारात मिळणारे पॅड घालावेत. एकदा ठरवलेलं आजारपणात बदलू नये. कागदावर सवय लावत असाल तर जुलाब झाले म्हणून जुनी चादर पसरू नका. मऊ कापडाचा स्पर्श आवडला, की पुढे पायपुसणं आणि गादीही पिल्लाला त्याच कामाची वाटते.

जुलाब सुरू असताना पिल्लाचा वावर आखडता घ्यावा. सगळं घर मोकळं सोडण्यापेक्षा एक खोली किंवा जाळीचा छोटा वाडा करून एका टोकाला अंथरूण, दुसऱ्या टोकाला कागद. म्हणजे धावत सुटलं तरी जागा दोन उड्यांवर असते. बंद खोक्यात किंवा पिंजऱ्यात मात्र तासन्‌तास ठेवू नये. अंथरुणातच शी करण्याची पाळी वारंवार आली, तर आईनं दिलेला धडा पुसला जातो आणि तो परत शिकवणं कठीण.

एरवी दोन तासांनी जागेवर नेत असाल तर आता तासाला न्या, आणि प्रत्येक खाण्यानंतर, झोपेनंतर लगेच. रात्री पिल्लू आपल्या खोलीत, हाताच्या अंतरावर झोपवलं तर त्याची चुळबुळ ऐकू येते. शिवाय एक-दोनदा गजर लावून उठावं. नेताना उचलून न्यावं, कारण चालत नेलं तर वाटेतच सुटतं. शी सुरूच झाली असेल तर आरडाओरडा करून उचलू नका, तसं केलं तर खोलीभर शिंतोडे उडतात आणि पिल्लू घाबरतं. मागून कागद सरकवा आणि ते संपू द्या.

जागेवर झालं, मग ते पाण्यासारखं का असेना, की एक-दोन सेकंदांत शाबासकी द्यायची. पिल्लाला उशिरा दिलेलं बक्षीस कशाचं ते कळत नाही. बक्षिसासाठी नवं बिस्किट काढू नका, त्यानं पोट आणखी बिघडेल. त्याच्या पथ्याच्या जेवणातलाच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा पुरे. ते करत असतानाच 'शी कर', 'शू कर' असा एकच ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणत राहिलं, तर पुढे तो शब्द उपयोगी पडतो. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरायचा.

पुसण्यातही शास्त्र आहे

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी सुमारे पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींहून अधिक. आपल्या नाकाला स्वच्छ वाटलेली फरशी पिल्लाच्या नाकाला शौचालय वाटू शकते, आणि वास आला तिथंच ते पुन्हा बसतं. अमोनिया असलेले क्लीनर टाळावेत, त्यांचा वास शूसारखाच. फिनेल तर नकोच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं पंजाला लागतात, पिल्लू पंजे चाटतं आणि आधीच आजारी पोटात विष जातं.

आधी कागदानं मळ उचलावा, रगडू नये. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी, आणि शेवटी विकर असलेला क्लीनर शिंपडून दहा-पंधरा मिनिटं ओला राहू द्यावा. वासाच्या मुळाशी असलेली द्रव्यं तोडायला विकरांना तेवढा वेळ लागतो. पार्व्होची शंका असेल तर जागा धुऊन झाल्यावर घरगुती ब्लीचचा एक भाग तीस भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटं ठेवावा, तेव्हा पिल्लू दुसऱ्या खोलीत हवं. ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया कधीही एकत्र करू नये, विषारी वायू तयार होतो.

जागेची ओळख राहावी म्हणून जुने लोक शूनं भिजलेल्या कागदाचा एक तुकडा नव्या कागदाखाली ठेवतात. युक्ती चांगली आहे. जुलाबाच्या शीचा कागद मात्र ठेवू नये. पिल्लू ती चाटतं आणि परजीवी पुन्हा पोटात जातात. घरच्यांनीही साबणानं हात धुवावेत. गोल जंतांची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला दोन आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात, म्हणून शी त्याच दिवशी उचलली तर तो धोका टळतो. लहान मुलांच्या पोटात ही अंडी गेली तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही पोहोचतात.

पथ्य आणि पाणी

मोठ्या कुत्र्याला जुलाबात एक वेळ उपाशी ठेवलं तर चालतं. पिल्लाला तसं ठेवू नये. छोट्या जातींच्या पिल्लांची रक्तातली साखर काही तासांतच उतरते, ती थरथरतात आणि मलूल पडतात. उलट्या नसतील तर मऊ भात आणि कातडी-हाडं काढून उकडलेलं चिकन, भात जास्त आणि चिकन कमी, असं थोडं थोडं दिवसातून चार-पाचदा द्यावं. मीठ, मसाला, तेल काही नको. कांदा-लसूण तर मुळीच नको, ते कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. चमचाभर शिजवलेला लाल भोपळा मळ बांधायला मदत करतो. या छोट्या छोट्या जेवणांचा दुसरा फायदा म्हणजे प्रत्येक जेवणानंतर जागेवर न्यायची एक नवी संधी मिळते. हे पथ्य तीन-चार दिवसांचंच, वाढत्या हाडांना त्यात पुरेसं कॅल्शियम नसतं. शी बांधली गेली, की नेहमीचं खाणं रोज थोडं थोडं वाढवत आठवडाभरात पूर्ण करावं.

फरशी ओली होते म्हणून पाण्याचं भांडं उचलून ठेवणारे लोक आहेत. हे धोक्याचं आहे. जुलाबात पिल्लाचा जीव जातो तो बहुधा पाणी कमी झाल्यानं. पाणी कायम समोर हवं. आपल्या कपाटातली जुलाब बंद करायची गोळीही देऊ नये. कोलीसारख्या काही जातींत जनुकीय बदलामुळे ती थेट मेंदूवर परिणाम करते, आणि इतरांतही ती विषाणू-जीवाणू बाहेर पडायची वाट बंद करते. पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेनचंही तेच : पिल्लाला नाही म्हणजे नाही.

रागावून काय होतं

शीत नाक घासणं, वर्तमानपत्राच्या सुरळीनं मारणं हे उपाय अजूनही सांगितले जातात. यातून पिल्लू शिकतं ते एवढंच, की माणसासमोर शी करणं धोक्याचं. मग ते सोफ्याच्या मागे, पलंगाखाली जातं, आणि आपण हौसेनं जागेवर नेलं तरी आपल्यासमोर करत नाही. आपण ज्याला 'चूक कळल्याचा चेहरा' म्हणतो, तो आपला आवाज आणि अंगाचा ताठपणा पाहून आलेला घाबरेपणा असतो. आजारी पिल्लाला तर आवरणंच शक्य नसतं. जे जमणारच नाही त्याची शिक्षा मिळाली, की ते फक्त आपल्याला भ्यायला शिकतं.

डॉक्टरकडे कधी

पिल्लू खेळतंय, खातंय, फक्त शी पातळ आहे, तर एक दिवस पथ्यावर थांबता येईल. जुलाबाबरोबर उलट्या, शीत रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, खाणं बंद, हिरड्या फिक्या किंवा चिकट, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसणं, यांपैकी एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी न्यावं. पिल्लाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. एकदम खाली गेलेलं तापमान तापाहूनही वाईट लक्षण. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब होत असतील, तर तपासणीत उलटं सिद्ध होईपर्यंत पार्व्होच समजायचा. शीच्या नमुन्यावर दवाखान्यातच दहा-पंधरा मिनिटांत त्याची चाचणी होते. जाण्याआधी फोन करावा, पिल्लू उचलून न्यावं आणि दवाखान्याच्या जमिनीवर ठेवू नये, तिथं दुसऱ्या कुणाचं पिल्लू येणार असतं. शहरात खासगी दवाखाने आहेत, तालुक्याच्या गावी गुरांचा सरकारी दवाखाना असतो, तिथले डॉक्टरही कुत्र्यांवर उपचार करतात.

बरं झाल्यावर

शी सलग दोन-तीन दिवस घट्ट झाली, की वेळापत्रक पुन्हा लावायचं. जेवणं तीनवर आणायची, जागेवर नेण्यातलं अंतर हळूहळू वाढवायचं, घराची एकेक खोली मोकळी करायची. आजारपणात ज्या कोपऱ्यात वारंवार शी झाली, तो विकराच्या क्लीनरनं धुऊन तिथं काही दिवस जेवणाची ताटली ठेवावी. जिथं खातं तिथं पिल्लू सहसा घाण करत नाही. शी बांधली गेली तरी शू मात्र सारखी थोडी थोडी होत राहिली, तर मूत्रमार्गाचा संसर्ग तपासून घ्यावा, तो शिस्तीचा प्रश्न नसतो. बहुतेक पिल्लांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान नीट आवरता येऊ लागतं, छोट्या जातींना थोडं उशिरा.

पोट बिघडलेल्या आठवड्यात पिल्लाकडून प्रगतीची अपेक्षा ठेवू नका. कागद त्याच जागी ठेवा, शब्द तोच ठेवा, आवाज चढवू नका आणि पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा. जंताचं औषध आणि लस यांची पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून टाका, कारण वेळच्या वेळी दिलेली ही दोन औषधं पिल्लाचं पोट पुढच्या अनेक दुखण्यांपासून वाचवतात.